स्पॅनिश लष्कराचे शब्द आणि त्यांचे धनी

परभाषा शिकूं लागलेल्या मनुष्याच्या वांट्याला पहिले कांहीं महिने याद्यांखेरीज दुसरें फारसें कांहीं येत नाहीं. आज फळांचीं नांवें, उद्यां नात्यांचीं, परवां कपड्यालत्त्यांचीं, असा क्रम चालतो. स्पॅनिश भाषेचा थोडाबहुत परिचय करून घ्यावा या हेतूनें आम्हीं जें लहानसें शब्दपुस्तक हातीं धरलें, त्यांतहि हाच क्रम होता. आणि त्या क्रमानें एके दिवशीं 'सैन्य व युद्ध' हें प्रकरण आलें. शिपाई म्हणजे 'सोल्दादो', नाईक म्हणजे 'काबो', आरमार म्हणजे 'आर्मादा', आरमाराचा मुख्य तो 'आल्मिरांते', सैन्यांतील सर्वांत धाकटा अंमलदार तो 'आल्फेरेस', अशी ती कोरडी यादी होती. ती पाठ करण्यास आम्हीं प्रारंभ केला खरा. परंतु वीसपंचवीस शब्द होतात न होतात तोंच पाठांतर बाजूला राहिलें आणि कोश उघडण्याची वेळ आली. कारण त्या परक्या गर्दींतले कांहीं चेहरे आमच्या ओळखीचे दिसूं लागले होते.

कोशांत एकेका शब्दाचें मूळ पाहात गेलों, तों आश्चर्य वाढतच गेलें. आमचा मुकादम, आमचा काजी, आमचा वजीर, आमचा खंजीर, फार काय, पुण्यांतला आमचा कसबा, ही सर्व मंडळी युरोपच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यांत, पेहराव बदलून पण नाकडोळे तेच ठेवून, उभी होती. ज्या राष्ट्रानें जवळजवळ आठशें वर्षें अरबी बोलणाऱ्या राज्यांशीं झगडा केला आणि शेवटीं त्यांचा पाडाव केला, त्याच राष्ट्राच्या सैन्यांत अरबी शब्द मानानें मिरवावेत, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटली. तो विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कोणत्याहि राष्ट्राचे लष्करी शब्द ही त्या राष्ट्राच्या गुरूंची नोंदवही असते. आपण जगाला कसें दिसावें असें राष्ट्राला वाटतें, तें त्याच्या काव्यांत सांपडतें. तें कोणाच्या हातून मार खाऊन शहाणें झालें, हें त्याच्या लष्करी शब्दांत सांपडतें. स्पॅनिश भाषेंत ही वही इतकी नीट राहिली आहे कीं, एकेक पान उलटीत गेलें म्हणजे दोन हजार वर्षांचा इतिहास ओळीनें डोळ्यांपुढें उभा राहतो.

पहिलें पान अर्थातच रोमनांचें. इ. स. पूर्व २१८ मध्यें रोमन सैन्यानें या भूमीवर पाऊल ठेवलें आणि इ. स. पूर्व १९ मध्यें, ऑगस्टस बादशहाच्या काळीं, ती जिंकण्याचें काम पुरें केलें. आजची स्पॅनिश भाषा ही त्या रोमन शिपायांच्या व वसाहतवाल्यांच्या बोलीचीच वंशज आहे. तेव्हां तरवारीला 'एस्पादा', ढालीला 'एस्कुदो' आणि हत्याराला 'आर्मा' हे शब्द लॅटिनमधून आले, यांत नवल कांहीं नाहीं. नवल आहे तें निराळेंच. ज्या रोमनांनीं अर्ध्या जगाला युद्ध शिकविलें, त्यांचा युद्ध या अर्थाचा शब्द त्यांच्या वारसांच्या तोंडीं राहिला नाहीं. 'बेल्लुम्' हा लॅटिन शब्द पंडितांच्या ग्रंथांत पडून राहिला आणि लोकांच्या तोंडीं 'गेर्रा' हा शब्द बसला. हा शब्द जर्मन टोळ्यांचा. साम्राज्याच्या उत्तरकाळांत रोमन फौजेंत जर्मन लोकांची भरती वाढत गेली, आणि पांचव्या शतकांत तर व्हिसिगॉथ नांवाच्या जर्मन टोळीनें स्पेनमध्यें आपलें राज्यच स्थापिलें. शिरस्त्राणाला 'येल्मो', घोड्याला टोंचण्याच्या आरेला 'एस्पुएला', पहाऱ्याला 'ग्वार्दिया', तहकुबीच्या कराराला 'त्रेग्वा', हे शब्द जर्मन मुळांचे आहेत. रोमची लढाई जर्मनांनीं लढावी आणि लढाईचें नांवहि त्यांनींच द्यावें, हें न्यायाचेंच झालें.

याच काळांतला आणखी एक शब्द आमच्या मनांत घर करून राहिला आहे. लॅटिनमध्यें 'होस्तिस्' म्हणजे शत्रु. तोच शब्द झिजत झिजत स्पॅनिशमध्यें 'उएस्ते' झाला, आणि त्याचा अर्थ झाला फौज; मग ती आपली असो वा परक्याची. शत्रूचें नांव आपल्याच सेनेनें धारण करावें, हा खेळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. लेखाच्या शेवटीं त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

दुसरें पान सन ७११ पासून सुरू होतें. त्या वर्षीं तारिक हा सरदार आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रधुनी ओलांडून आला, गॉथांचें राज्य कोसळलें, आणि थोड्याच वर्षांत उत्तरेकडचा डोंगराळ पट्टा सोडून बहुतेक सर्व देश मुसलमानी अंमलाखालीं गेला. पुढें उत्तरेकडचीं लहान ख्रिस्ती राज्यें हळूहळू दक्षिणेकडे सरकूं लागलीं. हा झगडा ग्रॅनाडा पडेपर्यंत, म्हणजे १४९२ पर्यंत, कधीं पेटत कधीं विझत चालू होता. या दीर्घ काळांत सरहद्दीवरचा स्पॅनिश शिपाई ज्याच्याशीं लढला त्याच्याकडूनच लढणें शिकला. आणि शिकतांना विद्येबरोबर विद्येचें नांवहि उचललें. शिकारी जसा सावजाची चाल ओळखतां ओळखतां स्वतः दबक्या पावलांनीं चालूं लागतो, तसेंच हें झालें.

'आल्फेरेस' हाच शब्द घ्या. अरबींत 'अल्-फारिस' म्हणजे घोडेस्वार. कॅस्टाइलच्या राजदरबारीं राजाचें निशाण धरणारा जो मोठा मानकरी असे, त्याला हें नांव मिळालें. पुढें प्रत्येक पथकाच्या निशाणदाराला मिळालें. आणि आज स्पेनच्या सैन्यांत अगदीं खालच्या पायरीवरचा जो अंमलदार, त्याला तें आहे. 'हिनेते' म्हणजे घोडेस्वार. हा शब्द 'झनाता' या बर्बर जमातीच्या नांवावरून आला. युरोपांतला जड चिलखती सरदार लांब रिकिबींत पाय ताठ ठेवून भिंतीसारखा शत्रूवर जाऊन आदळे. झनाता स्वार आंखूड रिकिबींत गुडघे दुमडून बसे, वाऱ्यासारखा येई, भाला फेंकी आणि वळून निघून जाई. ही हलकी स्वारी स्पॅनिश लोकांनीं इतकी आपलीशी केली कीं, त्या जमातीचें नांव घोड्यावर बसणाऱ्या कोणत्याहि मनुष्याला लागू झालें. मराठी वाचकाला या स्वाराची ओळख वेगळी करून द्यावयास नकोच.

तेराव्या शतकांत दहावा आल्फोन्सो या कॅस्टाइलच्या विद्वान राजानें 'सात भाग' या नांवानें प्रसिद्ध असलेला कायद्याचा मोठा ग्रंथ रचविला. त्याच्या दुसऱ्या भागांत युद्धाचे नियम आहेत, आणि त्यांत 'आदालिद' नांवाच्या सरहद्दीवरील नायकाचें वर्णन आलें आहे. 'आदालिद' म्हणजे अरबी 'अद्-दलील', वाट दाखविणारा. गिऱ्हाइकाला मालाची वाट दाखविणारा आपला 'दलाल' हा त्याच धातूचा. आदालिदाच्या अंगीं माहिती, धैर्य, उपजत शहाणपण आणि इमान हे चार गुण असावेत, असें राजा सांगतो. त्याची निवड बारा आदालिदांनीं शपथेवर करावी. नंतर त्याला ढालीवर उभें करून त्या बाराजणांनीं वर उचलावें आणि त्यानें हातांत नंगी तरवार घेऊन चारहि दिशांना तोंड करावें, असा विधि दिला आहे. ढालीवर उचलून नायक करणें ही जर्मन टोळ्यांची पुरातन चाल. म्हणजे चाल जर्मन, पदवी अरबी, आणि सर्व हकीकत लिहिली लॅटिनच्या लेकीनें! यापेक्षां स्पेनचा इतिहास थोडक्यांत कोणी सांगेल असें आम्हांस वाटत नाहीं. आदालिदाच्या खालीं पायदळाच्या तुकडीचा नायक असे, त्याचें नांव 'आल्मोकादेन'. हाच अरबींतला 'अल्-मुकद्दम', म्हणजे पुढें असणारा. आणि हाच आमचा मुकादम.

सरहद्दीवरचे 'आल्मोगावार' नांवाचे पायदळी लढवय्ये होते. या शब्दाचा अर्थ छापा घालणारा. घोडेस्वारांच्या छाप्याला 'आल्गारा' म्हणत. तो शब्द आणि नाश पावणें या अर्थीं आपण 'गारत होणें' म्हणतों त्यांतला 'गारत' हे एकाच मूळचे. हे आल्मोगावार पुढें भूमध्यसमुद्राच्या पूर्व टोंकापर्यंत गेले. १३०३ मध्यें रोजर द फ्लोर या सरदाराच्या हाताखालीं ते कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाच्या चाकरीस राहिले. १३०५ मध्यें त्या सरदाराचा खून झाल्यावर त्यांनीं आपल्याच धन्याचा मुलूख उजाड केला. आणि १३११ मध्यें अथेन्सची जहागीर बळकावली. ग्रीस देशांत ख्रिस्ती पथकांनीं अरबी नांवानें दरारा बसवावा, हा एक विलक्षणच प्रसंग.

किल्ल्याकोटांच्या शब्दांतहि हीच कथा आहे. 'आल्कासाबा' म्हणजे शहराचा बालेकिल्ला; तोच 'अल्-कसबा'. 'आल्कासार' म्हणजे तटबंदीचा राजवाडा. हा अरबी 'कस्र'. परंतु अरबांनीं हा शब्द मुळांत रोमनांच्या 'कास्त्रुम्' म्हणजे गढी या शब्दावरून घेतला होता. म्हणजे रोमनांच्या घरांतून निघालेला शब्द अरबस्तान फिरून, अरबी उपपद डोक्यावर बांधून, रोमनांच्या नातवाकडे परत आला. आणि नातवानें आजोबांची वस्तु ओळखली नाहीं! सैन्याची मोजदाद व पाहणी यांस अरबींत 'अर्द' म्हणत. दिल्लीच्या सुलतानांच्या दरबारीं फौजेची हजेरी घेणारा 'आरिज' हा अधिकारी होता तो याच कारणास्तव, आणि सरकारपुढें गाऱ्हाणें मांडण्याचा आपला 'अर्ज' हाहि त्याच मुळाचा. स्पॅनिशमध्यें त्याचें 'आलार्दे' झालें. आरंभीं अर्थ फौजेची पाहणी. पुढें पाहणीच्या दिवशीं जो डौल चालतो त्यावरून अर्थ झाला फुशारकी, मिरवणूक. सैन्यें सर्वत्र सारखींच असतात, याला आणखी पुरावा नको.

शब्दांचेंहि माणसांसारखेंच दैव असतें; कोणी चढतो, कोणी उतरतो. 'अल्-वजीर' हा राजाचा उजवा हात. स्पेनमध्यें तो 'आल्ग्वासील' झाला आणि उतरत उतरत कोर्टाचा बेलीफ होऊन बसला. 'अल्-काजी' मात्र 'आल्काल्दे' होऊन गांवचा नगराध्यक्ष झाला आणि आजहि त्या खुर्चीवर आहे. 'अल्-मख्जन' म्हणजे कोठार. त्याचें स्पॅनिशमध्यें 'आल्मासेन' झालें, आणि आपला 'खजिना' त्याच धातूपासून आला. इतर युरोपीय भाषांत तोच 'मॅगझिन' या रूपानें दारूगोळ्याच्या कोठाराला लागला. आणि १७३१ मध्यें लंडन येथें निघालेल्या 'जंटलमन्स मॅगझिन' पासून नियतकालिकालाहि लागला. वाचकांच्या हातांत या क्षणीं जें मासिक आहे, त्यालाहि इंग्रजींत दारूगोळ्याच्या कोठाराचेंच नांव आहे, हें जाणून कदाचित् त्यांना गंमत वाटेल.

आतां १४९२ हें साल पाहूं. त्या वर्षीं २ जानेवारीस ग्रॅनाडाच्या शेवटच्या सुलतानानें शहर इझाबेला व फर्डिनंड यांच्या स्वाधीन केलें. त्याच वर्षीं नेब्रिहा या पंडितानें कॅस्टाइलच्या भाषेचें व्याकरण प्रसिद्ध करून तें राणीला अर्पण केलें, आणि राज्य व भाषा यांची वाढ जोडीनें होते असें तिला निवेदन केलें. आणि त्याच वर्षीं १७ एप्रिलला, ग्रॅनाडाच्या वेढ्यासाठीं उभारलेल्या सांता फे या छावणीच्या गांवीं, कोलंबसाच्या सफरीचा करार झाला. त्या करारांत कोलंबसानें सर्वांआधीं काय मागून घेतलें? महासागराचा 'आल्मिरांते' ही पदवी. हा शब्द अरबी 'अमीर' यावरून, म्हणजे हुकूम करणारा. आपल्या 'अमीर-उमरावां'तला तोच. अरबी सत्तेचा शेवटचा बुरूज ढासळून चार महिनेहि झाले नव्हते, तों तिचा पराभव करणाऱ्या राजाराणीनीं आपल्या सर्वांत मोठ्या साहसाच्या नायकाला अरबी किताब दिला. आणि त्यांत विसंगत असें कोणालाच कांहीं वाटलें नाहीं. थोड्याच वर्षांनीं शेजारच्या पोर्तुगालच्या राजानेंहि, कालिकतची वाट काढून परतलेल्या वास्को द गामाला हिंदुस्थानच्या समुद्राचा 'आल्मिरांते' हाच किताब दिला. अरबांचा व्यापार मोडण्यास निघालेला मनुष्य अरबी पदवी मिरवीत आमच्या किनाऱ्यावर दुसऱ्यानें आला.

तिसरें पान इटलीचें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं गोन्सालो दे कोर्दोबा या सेनापतीनें नेपल्सच्या राज्यासाठीं फ्रेंचांशीं युद्ध केलें आणि १५०३ मध्यें चेरिन्योला येथें बंदुकवाल्या पायदळाच्या जोरावर फ्रेंच घोडदळ मोडलें. तेव्हांपासून दोन पिढ्या स्पॅनिश शिपाई इटलींत वावरला आणि तिकडचे शब्द पडशींत भरून घरीं आणले. 'सोल्दादो' हा त्यांतलाच. त्याच्या मुळाशीं 'सोलिदुस्' हें रोमन नाणें आहे. जो नाणें घेऊन लढतो तो सोल्दादो. घरचा घोडा आणि घरचें हत्यार घेऊन येणाऱ्या शिलेदाराहून हा प्राणी वेगळा, हें त्या नांवांतच लिहिलेलें आहे. पहारेकऱ्याला 'सेंतिनेला', बंदुकीला 'एस्कोपेता', पथकांच्या रांगेच्या मुख्याला 'कोरोनेल', हे सारे इटालियन. सर्वांत मौजेचा शब्द 'बिसोन्यो', म्हणजे नवशिका शिपाई. इटालियन भाषेंत 'बिसोन्यो' म्हणजे गरज. इटलींत नव्यानें उतरलेले स्पॅनिश पोरगे तिकडची भाषा जाणत नसत. भाकरी, मांस, दारू जें हवें त्यापुढें तेवढा एक शब्द लावून दारोदार मागत फिरत, म्हणून त्यांना हें नांव पडलें, असें सांगतात. परक्या मुलखांत भुकेल्या पोरांनीं शिकलेला तो एकच शब्द आज चार शतकांनंतरहि कोशांत आहे.

१५३६ च्या सुमारास या सैन्याची 'तेर्सियो' या नांवाच्या पायदळी पथकांत मांडणी झाली, आणि पुढें शतकभर युरोपांत या पथकांचा धाक होता. त्यांतील एका तुकडीकडे पाहा. तिचा मुख्य 'कापितान', लॅटिन डोक्याचा. त्याच्या खालीं 'आल्फेरेस', अरबी घोड्यावरून उतरलेला. त्याच्या खालीं 'सार्हेंतो', मुळांत फ्रेंच भाषेंतला चाकर. मग 'काबो', पुन्हां लॅटिन मस्तकाचा. आणि खालीं इटालियन पगारावरचे सोल्दादो. हे सर्व मिळून जी 'गेर्रा' करीत ती जर्मन. असें हें अजिंक्य स्पॅनिश पायदळ! शुद्ध रक्ताचा अभिमान ज्या देशानें त्या काळीं इतका वाढविला, त्याच्या सैन्यांत शुद्ध शब्द मात्र शोधूनहि सांपडला नसता.

हा विनोद येथेंच संपला असता तर बरें होतें. पण त्याची दुसरी बाजू दुःखाची आहे. ग्रॅनाडा पडल्यावर तेथील मुसलमान प्रजेला सक्तीनें ख्रिस्ती करण्यांत आलें. या लोकांना मोरिस्को म्हणत. १५६७ मध्यें दुसऱ्या फिलिपनें हुकूम जाहीर केला कीं, मोरिस्कोंनीं अरबी बोलणें, अरबी लिहिणें, जुना पोशाख, जुनीं नांवें हीं सर्व ठराविक मुदतींत सोडावींत. ग्रॅनाडाच्या फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या वृद्ध मोरिस्को सरदारानें त्यावर एक अर्ज लिहिला. भाषा म्हणजे धर्म नव्हे. माल्टा बेटांतले ख्रिस्ती लोक अरबीच बोलतात, आणि त्यांच्या धर्माला त्यानें कांहीं बाध येत नाहीं. म्हाताऱ्या माणसांनीं जन्माची भाषा एकाएकीं कशी टाकावी, असा त्याचा युक्तिवाद होता. अर्ज फुकट गेला. १५६८ च्या अखेरीस आल्पुहारास डोंगरांत बंड उठलें आणि फिलिपचा सावत्र भाऊ डॉन हुआन यानें तें दोन वर्षांत रक्तांत बुडविलें. शेवटीं १६०९ ते १६१४ या वर्षांत सुमारें तीन लक्ष मोरिस्को लोकांना जहाजांत घालून देशाबाहेर काढण्यांत आलें.

वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी. अरबी शब्द तोंडांतून काढाल तर शिक्षा होईल, असा हा हुकूम. ज्यांच्या गांवीं तो गाजावयाचा ते आल्काल्दे, मोडणाऱ्याला पकडणारे ते आल्ग्वासील, आणि बंड मोडावयास आलेल्या प्रत्येक तुकडीपुढें निशाण धरून चालणारा तो आल्फेरेस. अरबी भाषा बंद करणाऱ्यांना आपल्या हुद्द्याचें नांवसुद्धां अरबीवांचून सांगतां आलें नसतें. माणसें घालवितां आलीं. शब्द घालवितां आले नाहींत. कारण माणसें परकीं ठरवितां येतात, पण रोजच्या वापरांतला शब्द परका आहे हें वापरणाऱ्याच्या ध्यानींच येत नाहीं.

एका मनुष्याच्या मात्र तें पुरतें ध्यानांत आलें होतें. सेर्व्हांतेस हा स्वतः शिपाई. १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईंत त्याचा डावा हात निकामी झाला, आणि पुढें १५७५ पासून पांच वर्षें तो अल्जीर्समध्यें कैदेंत होता. सूड म्हणून अरबांचा द्वेष करण्याचा हक्क कोणाला असेल तर तो त्याला होता. परंतु आपल्या 'डॉन किहोते' या कादंबरीचा मूळ लेखक म्हणून त्यानें एक अरब इतिहासकार कल्पिला; आणि हद्दपारी संपल्यावर वर्षभरानें, १६१५ मध्यें निघालेल्या तिच्या दुसऱ्या भागांत, रिकोते नांवाचा एक हद्दपार मोरिस्को शेजारी चोरून मायदेशीं परत आलेला दाखविला. त्याच भागांत नायक आपल्या सेवकाला 'आल्' या अक्षरांनीं सुरू होणारे शब्द अरबांचे आहेत, हें उदाहरणें देऊन समजावून सांगतो. त्या उदाहरणांत जेवण्याचा 'आल्मोर्सार' हा शब्दहि आला आहे. तो वास्तविक लॅटिन. ओळखीचे चेहरे शोधूं लागलें म्हणजे परक्याच्याहि तोंडावर ओळख दिसूं लागते, एवढी सावधगिरी यावरून आम्हीं आमच्यापुरती घेतली आहे.

यापुढचें फ्रेंच पान आम्ही लौकर उलटतों. १७०० मध्यें फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू स्पेनच्या गादीवर आला आणि १७०४ मध्यें त्यानें जुनीं तेर्सियो पथकें मोडून फ्रेंच धर्तीच्या पलटणी केल्या. त्यांच्याबरोबर 'बायोनेता'सारखे फ्रेंच शब्द आले. गुरु बदलला, नोंद बदलली, एवढेंच.

परंतु वहीच्या शेवटच्या पानावर शिष्य स्वतः गुरु झालेला दिसतो. १८०८ मध्यें नेपोलियननें स्पेनची गादी आपल्या भावाला दिली. २ मे रोजीं माद्रिदचे लोक उठले. जुलैंत बाइलेन येथें फ्रेंचांचें एक सबंध सैन्य शरण आलें. आणि नेपोलियन जातीनें आल्यावर स्पेनच्या कवायती फौजा उधळल्या, तेव्हां खेड्यापाड्यांतून लहान टोळ्या उभ्या राहिल्या. हुआन मार्तिन दिएस हा शेतकरी आणि एस्पोस ई मिना हा दुसरा शेतकरी हे त्यांच्यांतले नामांकित नायक. जासूद अडवावा, रसद कापावी, मागें राहिलेल्या तुकडीवर तुटून पडावें आणि डोंगरांत नाहींसें व्हावें, ही त्यांची रीत. या प्रकाराला स्पॅनिश लोक 'गेर्रिल्या' म्हणत, म्हणजे लहानशी गेर्रा. आपण चुलीला लाडानें चुलटी म्हणावें तसें. जर्मनांकडून उसना घेतलेला शब्द स्पॅनिश प्रत्यय लावून धाकटा केला, आणि तो धाकटाच जगभर गेला. आज ज्या भाषेला स्पॅनिशचें दुसरें अक्षर ठाऊक नाहीं, तिलाहि 'गेरिला' ठाऊक आहे.

या टोळ्यांचा सर्वांत जास्त फायदा ज्याला झाला तो इंग्रज सेनापति वेलिंग्टन. त्यापूर्वीं, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आर्थर वेल्स्ली या नांवानें त्यानें असई येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं सामना दिला होता. तेथें त्याच्यापुढें युरोपीय अंमलदारांनीं शिकविलेल्या मराठी पलटणी व तोफा उभ्या होत्या. पांचच वर्षांनीं स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवर त्याला जे साथीदार मिळाले, ते पलटणी मोडल्यावर डोंगरांत शिरलेले लोक होते. या दोन चित्रांतून युद्धशास्त्राचा सिद्धांत काढण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोगीं खास आहेत.

'गेरिला' या शब्दाला मराठींत आपण 'गनिमी कावा' म्हणतों. 'गनीम' हा अरबी शब्द. अर्थ शत्रु, लुटारू. मोगल बखरकार व वाकेनवीस मराठ्यांना हेंच नांव देत. 'कावा' म्हणजे घोड्याला चक्राकार फिरविणें. शत्रूनें शिवी म्हणून दिलेला शब्द मराठ्यांनीं उचलला आणि आपल्या युद्धकलेला अभिमानानें लावला. 'उएस्ते'चा खेळ म्हणून मागें सांगितला तो हाच. लॅटिनमधल्या शत्रूची स्पॅनिश फौज झाली, आणि फारसी कागदांतल्या गनिमाचा मराठी पराक्रम झाला.

आमच्याकडेहि ही नोंदवही आहेच. शिवछत्रपतींनीं समुद्रावर जी सत्ता उभारली तिला आपण 'आरमार' म्हणतों. तो पोर्तुगीजांचा 'आर्मादा', आणि १५८० ते १६४० या काळांत गोवें व स्पेन एकाच राजाच्या छत्राखालीं असल्यामुळें तो स्पॅनिशहि म्हणावा. कप्तान, काडतूस हे गोव्याच्या बाजूनें आले. पलटण इंग्रजांच्या बाजूनें. सुभेदार, हवालदार, शिलेदार, बारगीर हे फारसी-अरबी वाटेनें. शिवशाहींत हवालदार हा किल्ल्याचा मुख्य होता. आजच्या भारतीय सैन्यांत तो सार्जंटच्या पायरीवर आहे. वजिराचा आल्ग्वासील झाला, तसेंच हें.

येथें कोणी म्हणेल कीं, मग 'राज्यव्यवहारकोश' करविण्याची महाराजांना गरज कां वाटली? राज्याभिषेकाच्या सुमारास सुमारें चौदाशें फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश त्यांनीं करविला, आणि १६७४ मध्यें पेशव्याचा मुख्यप्रधान, सरनौबताचा सेनापति, डबिराचा सुमंत केला. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. दुसऱ्याच्या दरबारांतला मानकरी आणि स्वतंत्र सिंहासनाचा प्रधान यांचीं नांवें एक असूं नयेत, ही त्या कोशाची भूमिका आम्हांस समजते व पटते. नवें राज्य ही एक घोषणा असते, आणि घोषणा आपल्या शब्दांत करावी. परंतु पुढें काय झालें तेंहि पाहिलें पाहिजे. 'सेनापति' टिकला आणि घराघरांत गेला. 'मुख्यप्रधाना'ला मात्र लोकांनीं पुन्हां 'पेशवा'च म्हटलें, आणि त्या फारसी नांवाच्या उच्चाराबरोबर मराठी माणसाला अटकेपर्यंतचा आपला स्वतःचा इतिहास आठवूं लागला. महाराजांनींहि 'आरमार' हा शब्द समुद्रांत बुडविला नाहीं. त्यांनीं समुद्रांत आरमार सोडलें.

तेव्हां भाषाशुद्धीचा जो वाद आपल्याकडे एक शतकाहून अधिक काळ मधून मधून पेटतो, त्यांत स्पेनची ही वही दोन्ही पक्षांनीं उघडून पाहावी असें आम्हांस वाटतें. नवा शब्द घडविण्यांत पाप नाहीं. तो चांगला असेल तर राहतो. जुना परका शब्द ठेवण्यांत गुलामगिरी नाहीं. कोणाच्या हाताखालीं तो राबतो एवढेंच पाहावें. पाप आहे तें एका ठिकाणीं : विद्या ज्यांच्याकडून घेतली, शब्द ज्यांच्याकडून घेतले, त्यांच्या लेकरांच्या तोंडून तोच शब्द ऐकतांच त्यांना परकें ठरविण्यांत. स्पेननें तें केलें, आणि त्याची साक्ष त्याच्या सैन्यांतला प्रत्येक आल्फेरेस नकळत देत उभा आहे.

आमच्या शब्दपुस्तकांतलें तें प्रकरण अद्याप पुरें पाठ झालेलें नाहीं. परंतु आतां ती यादी म्हणतांना अडखळावें लागत नाहीं. ओळखीच्या घरीं गेल्यासारखें वाटतें.